बारा फेब्रुवारी कुणी काढली

१. कापलेला कागद

नोंदवहीत एकशे सोळाव्या पानानंतर थेट एकशे एकोणिसावं पान येत होतं. मधला कागद ब्लेडने, शिवणीला धरून, असा सफाईने कापला होता की एरवी त्या हाताचं कौतुकच झालं असतं. पण या कागदापायी एक मूल गेलं होतं.

तारीखबाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. प्रसूतिगृहाच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढून त्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. "बाई, माझा धाकटा कधीचा हो?" असं रस्त्यात कुणी विचारलं तर त्या तारीख सांगत, वार सांगत, आणि त्या दिवशी ड्यूटीवर कोण पेंगत होतं तेही सांगत. म्हणून तारीखबाई.

"थोडक्यात सांगतो," प्रसूतिगृहाचे अध्यक्ष म्हणाले. त्यांचं थोडक्यात नेहमी लांबायचं, पण आज नाही लांबलं. "तीन फेब्रुवारीला सिझेरियन झालं. कार्डाप्रमाणे दिवस भरत आले होते. मूल बाहेर आलं ते धाप लागलेलं. बालरोगवाले म्हणतात, तळपायांच्या रेघा अर्ध्याच, कानाच्या पाळ्या मऊ, हे चौतीस आठवड्यांचं मूल. एकोणीस तास जगलं."

"म्हणजे पाच आठवडे आधी काढलं."

"कार्डावर तारीखच चुकीची. कार्ड सिस्टरच्या सहीचं. पहिल्या दिवशीची नोंद या वहीत होती, ते पान गायब. चूक केली आणि लपवायला पान कापलं. आज चार वाजता समिती बसतेय. सिस्टरचं नाव पोलिसांकडे जाणार."

"एवढं सरळ आहे तर मला कशाला बोलावलंत?"

"तुम्ही सरळ आहे म्हणालात की मला सही करायला बरं."

बाईंनी कार्ड उजेडात धरलं. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, ३ मे. प्रसूतीची अपेक्षित तारीख, १२ फेब्रुवारी. खाली सिस्टरची गोल, शाळकरी सही.

सही खरी होती. तीन मेबद्दल आत्ताच काही बोलता येत नव्हतं. पण त्या बारा फेब्रुवारीत काहीतरी खुपत होतं. भाकड आकडा नव्हता तो. कुणीतरी नीट मोजून काढलेला होता, फक्त या इमारतीत मोजतात तसा नाही.

"सही करू नका," बाई म्हणाल्या. "घड्याळात साडेदहा झालेत. चारपर्यंत मला फिरू द्या."

२. पुठ्ठ्याचं चक्र

सिस्टर ओपीडीत टेबलामागे बसली होती, पण पेशंट दुसऱ्या नर्सकडे वळवले होते. वय असेल सव्वीस. डोळे सुजलेले. समोर पुठ्ठ्याचं चक्र पडलं होतं. एका मोठ्या तबकडीवर लहान तबकडी, मधोमध खिळा. बाण पाळीच्या तारखेवर ठेवायचा, चक्र स्वतःच दोनशे ऐंशी दिवस पुढची तारीख दाखवतं.

"मी मार्च म्हणाले होते, बाई," ती लगेच सुरू झाली. "जुलैत नाव घातलं तेव्हा. मार्चचा मध्य. दाईमावशींना मीच म्हटलं, मावशी, मार्चात आजी होणार तुम्ही."

"दाईमावशींची सून ना ही?"

"हो. म्हणून तर लक्षात राहिलं. पण समितीला लक्षातलं नको, कागद हवा."

दाईमावशी या प्रसूतिगृहाच्या जुन्या आया. तीस वर्षं त्यांनी इथली बाळं पुसली, गुंडाळली, बाळंतिणींच्या हाती दिली. निवृत्तीनंतरही त्यांचं पाऊल इकडेच वळे. या सिस्टरने पहिलं मूल झेललं तेव्हा खाली हात धरून उभ्या होत्या त्या मावशीच.

"मग कार्डावर तीन मे कुठून आलं?"

"हे कार्ड नवं आहे. जुनं धुण्यात भिजलं म्हणून जानेवारीत नवं केलं. पण हे आकडे माझे नाहीत. दहा जानेवारीला ती तपासायला आली तेव्हा हे कार्ड भरलेलंच होतं. मला वाटलं, दुसऱ्या नर्सने केलं असेल. मी तीन मेवर बाण ठेवला, छत्तीस आठवडे आले, ते लिहून टाकले. गर्दीत तेव्हा मार्च आठवलाच नाही, मूल गेल्यावर आठवला."

"आकडे तुझे नाहीत आणि सही मात्र तुझी?"

सिस्टरने समोरच्या खणावर हात ठेवला.

"सकाळी मी तीस-चाळीस कोऱ्या कार्डांवर सह्या करून ठेवते," ती म्हणाली. "गर्दीत वेळ मिळत नाही. या खणात गठ्ठा असतो."

"कोऱ्या कार्डांवर?"

"सगळ्याच करतात, बाई."

"सगळ्या करतात, पण अडकलीस तू." बाईंनी खण ओढून पाहिला. कुलूप नव्हतं. वहीही त्याच टेबलावर. "इथे टेबलामागे कोण कोण येतं?"

"मॅडम येतात. सोनोग्राफीवाले डॉक्टर त्यांच्या खोलीत इथूनच जातात. मावशी त्या स्टुलावर बसतात. बाहेरचं कुणी नाही."

बाई उठता उठता थांबल्या. "जरा काम कर माझं. भाचीचे दिवस भरत आलेत. पाळी अकरा मेची. कधीची तारीख येईल?"

सिस्टरने नाक पुसलं, बाण अकरा मेवर ठेवला. "पंधरा फेब्रुवारी."

बाईंनी ते हातातल्या जुन्या पाकिटावर टिपून घेतलं. त्यांना भाची नव्हती.

३. न वाचलेली ओळ

प्रसूतिगृहाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, वकिलाशी बोलून आलेलं माणूस बसतं तशा.

"विचारा. मी नऊ तारखेपासून महिनाभर रजेवर जाणार होते, म्हणून ऑपरेशनं उरकली, असंच ना?"

"मी अजून काहीच विचारलं नाही."

"बाहेर तेच बोलतायत." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिला साखर होती. साखर असली की दिलेल्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधी मी मूल घेते. वीस वर्षं घेते. या इमारतीतल्या झाडूवालीलाही ते पाठ आहे. बारा फेब्रुवारी तारीख, म्हणून तीनला घेतलं."

"पोट बघून वाटलं नाही, मूल कमी दिवसांचं आहे?"

"उलट. साखरेच्या बायकांची मुलं थोराड असतात. पोट भरलेलं दिसत होतं."

"पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी?"

"लिहून दिली होती. केलीच नाही त्यांनी. घरी म्हणे, आमच्या वेळी कुठे होती मशीनं. एकच केली, ती जानेवारीत."

बाईंनी मान हलवली. "मॅडम, तुमचा मोजण्यात हात बसलेला. भाचीची पाळी अकरा मेची. कधी?"

"मागे तीन महिने, पुढे सात दिवस," मॅडम भिंतीकडे बघत म्हणाल्या. "अठरा फेब्रुवारी."

"सिस्टरचं चक्र पंधरा म्हणतं."

"फेब्रुवारी आखूड महिना. मेच्या पाळीला आमचं बोटांवरचं गणित चक्राच्या तीन दिवस पुढे जातं. तीन दिवसांनी कुणी मरत नाही, बाई." बोलून झाल्यावर त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं, आणि त्यांनी पुन्हा पेन उचललं.

सोनोग्राफीवाले डॉक्टर अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून होते. त्यांनी जानेवारीचा रिपोर्ट पुढे केला आणि तळाच्या बारीक ओळीवर नख टेकवलं. 'मोजमापं कार्डावरील तारखेशी जुळत नाहीत. पहिली नोंद पाहावी.'

"किती फरक होता?"

"कार्डाप्रमाणे छत्तीस आठवडे उलटलेले. मशीन चौतीस दाखवत होतं. शेवटच्या महिन्यांत दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे होतात, त्यावरून छातीठोक काही सांगता येत नाही. आणि थोराड मूल असलं तर मशीनही फसतं, आहे त्याहून मोठं दाखवतं. म्हणून लिहिलं, पहिली नोंद पाहा."

"मॅडमना तोंडाने सांगितलंत?"

"मी लिहिलं. वाचायचं काम माझं नाही."

"तुमची खोली आणि मॅडमची खोली, मध्ये किती पावलं आहेत हो?"

ते पडद्याकडे वळले. भाचीसाठी मात्र त्यांनी मोबाइलवर बोट फिरवून दिलं. पंधरा फेब्रुवारी.

बाई बाहेर आल्या आणि पाकिटाकडे बघत व्हरांड्यात उभ्या राहिल्या. पंधरा, अठरा, पंधरा. आता कार्डावरची तीन मे घेऊन तोच खेळ खेळला तर चक्र आणि मोबाइल सात फेब्रुवारी देतील. मॅडमची बोटं दहा देतील.

बारा कुणीच देत नव्हतं.

४. सुनेला कुणी विचारलं नाही

शेवटच्या खोलीत खाटेवर सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. खाटेपाशी दाईमावशी उशी सारखी करत होत्या, आणि खिडकीशी मुलगा उभा होता. मालवाहू जहाजावर नोकरी. उंच, रापलेला. आपले हात कुठे ठेवायचे हे विसरलेला.

"या बाई," मावशी म्हणाल्या. एका वर्षात त्या बऱ्याच आटल्या होत्या. "बघा, कसल्या दिवशी आलात."

"कधी चढायचं आहे जहाजावर?" बाईंनी मुलाला विचारलं.

"उद्या. आठ तारखेला. पुढचे नऊ महिने पाण्यावर. वीस जानेवारीला उतरलो होतो. लोक म्हणाले, नशीबवान आहेस, बरोबर वेळेला आलास."

"तुला काय सांगितलं होतं, कधीची तारीख?"

"ऑगस्टात फोनवर ही म्हणाली होती, मार्च. मी म्हटलं, म्हणजे मी नसणार. मग जानेवारीत आईचा फोन, मार्च नाही, फेब्रुवारी, हिशेब चुकला होता. मला या हिशेबातलं काय कळतंय. नऊ महिने नऊ दिवस, एवढंच आई लहानपणापासून सांगते. तूही तेवढेच घेतलेस म्हणते."

"त्याला कशाला छळता, बाई?" मावशी हळूच म्हणाल्या. "मूल हातात होतं त्याच्या. शेवटपर्यंत होतं."

"छळत नाही हो. मी आपली माझ्या भाचीच्या काळजीत. तिची पाळी अकरा मेची."

मावशींचा अंगठा आपसूक बोटांच्या पेरांवरून चालू लागला. सवय माणसाच्या आधी बोलते. "नऊ महिने, वर नऊ दिवस. वीस फेब्रुवारी. सांभाळा तिला."

बाईंनी लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

मावशी पाणी गरम करून आणायला गेल्या. मुलगाही मागोमाग बाहेर पडला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहिला. बाई खाटेच्या पलीकडच्या बाजूला गेल्या, सुनेला तोंड दिसेल अशा.

"तुमची पाळी कधी आली होती हो?"

सुनेने डोळे उघडले.

"सात जून," ती म्हणाली. "इथे येऊन मला हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. जुलैत सांगितलं होतं. नंतर सगळं आईच सांगायच्या. त्यांना विचारायचे, त्या सांगायच्या, मी खाटेवर झोपून पोट दाखवायचे."

"ऑपरेशन लवकर होतंय, हे वाटलं नाही?"

"वाटलं. आईंना म्हटलंही. त्या म्हणाल्या, तुला साखर आहे, मॅडम लवकरच घेतात." तिने ओठ चावला. "तीस वर्षं हेच केलेल्या बाईला मी काय शिकवणार?"

सात जून. बाईंनी बोटांवर मोजलं. मागे तीन महिने, पुढे सात. चौदा मार्च.

दाराशी गरम पाण्याचं भांडं घेऊन मावशी उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे.

५. चार रकाने

रेकॉर्ड रूममध्ये बाईंचं जुनं टेबल अजून होतं. त्यांनी पाकीट उलटं करून त्यावर रेघा मारल्या, जन्मभर मारल्या तशा.

खोटं कार्ड भरणाऱ्याला तीन गोष्टी हव्या होत्या. सही केलेली कोरी कार्डं या खणात असतात हे माहीत हवं. खणापर्यंत हात पोचायला हवा. आणि दहा जानेवारीच्या आधी इथे असायला हवं, कारण त्या दिवशी खोटं कार्ड भरलेलंच आलं होतं.

मुलगा बाद. तेव्हा तो पाण्यावर होता. सून बाद. ती टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसणारी, आणि खरी तारीख स्वतः सांगणारी.

उरले चौघं. आणि इथे ती बारा फेब्रुवारी कामाला आली. खोटं लिहितानासुद्धा माणूस आपल्याच पद्धतीने मोजतो. सिस्टरने खोटं कार्ड केलं असतं तर चक्राने सात फेब्रुवारी काढली असती. सोनोग्राफीवाल्यांच्या मोबाइलनेही सातच दिली असती. मॅडमनी दहा लिहिली असती. तीन मेमध्ये नऊ महिने आणि नऊ दिवस घालून बारा फेब्रुवारी काढणारं माणूस या इमारतीत एकच, जे वैद्यक शाळेत नाही, पेरांवर शिकलं.

पाकीट बाईंनी पालथं घातलं. तीस वर्षं त्या आणि मावशी याच टेबलावर दुपारचा चहा प्यायल्या होत्या. बाईंचा नवरा गेला तेव्हा चार रात्री मावशी त्यांच्या घरी येऊन राहिल्या होत्या. तिकडे चारची समिती, आणि सव्वीस वर्षांची एक पोर ओपीडीत सुजल्या डोळ्यांनी बसलेली.

दारावर टकटक झाली. बाईंनी निरोप पाठवलाच नव्हता.

"तुम्हाला भाची नाही," दाईमावशी आत येत म्हणाल्या. "जिना चढताना आठवलं."

६. साडेतीनला पाच कमी

दोघी समोरासमोर बसल्या. चहा सांगायचं कुणाला सुचलं नाही.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," बाई म्हणाल्या. "तुम्ही तीन मेपासून पुढे मोजलंच नाहीत. बारा फेब्रुवारीपासून मागे मोजलंत. जहाज आठला. साखर असली की मॅडम तारखेच्या आठ-दहा दिवस आधी घेतात, हे तुम्हाला ठाऊक. बारा सांगितली की तीन-चारला मूल होणार. मग रकाना भरायला पाळीची तारीख हवी. नऊ दिवस मागे, नऊ महिने मागे. तीन मे."

मावशींनी थांबवलं नाही.

"सिस्टर कुणाचं बाळंतपण करायला आत गेली होती तेव्हा कार्ड घेतलंत. वहीशी ताडून पाहील म्हणून कागद कापलात."

"नाळ कापायचं ब्लेड होतं," मावशी म्हणाल्या. "नवं."

"कशासाठी, मावशी?"

"तुम्हाला माहीत आहे."

बाईंना माहीत होतं. मावशींचा नवराही जहाजावर होता. मुलगा पोटात असताना गेला, आणि जहाजच परत आलं नाही. बापाने मुलाचं तोंड पाहिलं नाही, मुलाने बापाचं. ही गोष्ट मावशी वर्षातून एकदा, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी सांगत.

"नऊ महिने पाण्यावर," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, एकदा हातात घेऊन जाऊ दे. मग काही झालं तरी घेतलेलं असेल. आठ महिने होतच आले होते, बाई. आठव्यातली मी कितीतरी पाहिली. पेटीत ठेवतात, पंधरा दिवसांत घरी जातात. आणि हे तर पावणेतीन किलो भरलं. मी हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, जिंकले."

"वजन साखरेचं होतं. फुप्फुसं आठव्यातलीच होती. साखरेच्या मुलांची तर आणखी कच्ची राहतात."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. आणि पोरीला गुंतवलंत."

"तिला गुंतवायचं नव्हतं. मूल जगलं असतं तर कुणी कार्ड पाहिलं असतं का?" मावशींचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "तीन दिवस बघतेय मी तिला. रोज ठरवते, आज बोलेन. मग मुलगा समोर येतो आणि म्हणतो, आई, तू होतीस म्हणून मला वेळेवर कळलं."

त्यांनी कमरेची छोटी पिशवी सोडली. आतून घडी केलेला कागद काढला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. एकशे सतरा, एकशे अठरा. सिस्टरच्या गोल अक्षरात, जुलैच्या तारखेखाली, मावशींच्या सुनेचा वयासकट तपशील. पाळी ७ जून. तारीख १४ मार्च.

"जाळायला काडी ओढली होती," मावशी म्हणाल्या. "हात धजला नाही. नव्याने लागले तेव्हा तुम्हीच दरडावलं होतं, वहीचा कागद कधी टाकायचा नाही."

"कापायचा नाही, असंही म्हटलं होतं."

मावशींच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू नव्हतं ते.

"एक मागते. मुलाला मी सांगते. समितीतून त्याच्या कानावर जायला नको."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीनला पाच कमी होती. "पस्तीस मिनिटं आहेत. चारला हा कागद मी टेबलावर ठेवणार. त्याच्या पुढे मला एक मिनिटही देता येणार नाही."

मावशी उठल्या. दारापाशी वळल्या. "तुम्ही कार्ड पाहताच ओळखलंत?"

"नाही. फक्त खुपलं. बारा तारीख इथल्या माणसाची वाटेना, आणि परक्याचीही वाटेना."

व्हरांड्याच्या काचेतून बाईंना ऐकू काही आलं नाही, दिसलं तेवढंच. मुलगा बाकावरून उठला. मावशी बोलत होत्या, हात खाली सोडून. तो ऐकत होता, मान थोडी वाकवून, जहाजावर हुकूम ऐकतात तशी. मग तो आत गेला, बायकोच्या खाटेवर बसला, दाराकडे पाठ करून. मावशी उंबऱ्याशी थांबल्या. कुणी आत ये म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही.

चारला पाच मिनिटं असताना बाई समितीच्या खोलीत गेल्या.

७. चौदा मार्च

सिस्टरचं नाव पोलिसांकडे गेलं नाही. कोऱ्या कार्डांवरच्या सह्यांबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली, आणि ओपीडीच्या खणाला कुलूप लागलं. मॅडमची रजा रद्द झाली. सोनोग्राफीची ती तळाची ओळ समितीत तीनदा मोठ्याने वाचली गेली, आणि तिन्ही वेळा दोन्ही डॉक्टर टेबलाकडे बघत होते. मावशींनी पोलिसांत जबाब दिला. कमी-जास्त काही न करता, सगळा. खटला उभा राहीपर्यंत त्यांना घरी सोडलं.

आठ तारखेचं जहाज मुलाशिवाय गेलं. पुढच्या आठवड्यात तो बायकोला घेऊन तिच्या आईवडिलांकडे निघून गेला. पत्ता त्याने ठेवला, पण पोलिसांपाशी.

मार्चच्या मध्यावर अध्यक्षांनी बाईंना पुन्हा बोलावलं. कापलेला कागद पोलिसांकडेच राहणार होता. त्याची प्रत वहीत डकवायची होती, आणि शेजारी जबाबदार माणसाची सही हवी होती. बाईंनी कागद शिवणीला लावला, सही केली, तारीख घातली. घालताना हात थांबला. मग त्या बाहेर आल्या.

ओपीडीसमोरच्या बाकावर, पोट घेऊन बसलेल्या बायकांच्या रांगेत अगदी टोकाला, दाईमावशी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी. पिशवीच्या तोंडातून धुऊन मऊ केलेल्या फडक्याचं टोक दिसत होतं. रांग पुढे सरके, त्या सरकत नव्हत्या. दाराच्या फटीतून सिस्टरने त्यांना पाहिलं, पुढच्या बाईचा नंबर पुकारला, आणि दार पुरतं लावून घेतलं नाही.

"मावशी," बाई म्हणाल्या, "कुणाबरोबर आलात?"

"कुणाबरोबर नाही." त्यांनी वर पाहिलं. "आज तारीख होती ना."

ओपीडी बंद व्हायला अजून दोन तास होते. बाईंनी पिशवी जराशी बाजूला सरकवली आणि त्या शेजारी बसल्या.